तिसरी बाटली

दवाखान्याला आठच्या ठोक्याला फोन लावायचा.
आठ वाजून एक मिनिटाला
तुम्ही रांगेत एकोणिसावे असता
आणि कानात पियानो वाजत राहतो.
माझ्या डाव्या डोळ्यावर रांजणवाडी आली होती.
एक डोळा मिटून बस चालवणं,
तेही आमच्या उतारांवर, बरं नव्हे.
मी फोन ठेवला आणि चौकातल्या
हिरव्या क्रॉसखाली जाऊन उभा राहिलो.

एलुनेद प्रिदर्चचं औषधांचं दुकान.
एका बाजूला खाटीक, दुसऱ्या बाजूला बंद पडलेली बँक.
तपासणीची खोली म्हणजे दोन खुर्च्या, एक दिवा
आणि घडी करून ठेवलेलं मागच्या नाताळचं झाड.
गुडघ्याला गुडघा लागतो.
कधीपासून? दिसतं नीट? दुसरं कुठलं औषध चालू?
मग म्हणाली, गरम पाण्यात फडकं बुडवून शेक,
दहा मिनिटं, दिवसातून चारदा. फोडायची नाही.
मी पाकीट काढलं.
"फडकं आहे ना घरी? मग झालं."

अशी दुकानदारीण.
गावातले निम्मे लोक तिच्याकडून
रिकाम्या हातांनी परत येतात
आणि तिच्या हाताला गुण आहे म्हणतात.

आमचं गाव खाणीचं. पाटीचा दगड.
आमचे डोंगर दूरदूरच्या छपरांवर जाऊन बसले,
इथे ढिगारे उरले,
आणि ढिगाऱ्यांच्या वळणावर गेलेली माणसं.
कोट आम्ही अंगावरून काढतो,
दुखणं अंगावर काढतो.

त्यातला इदवाल अव्वल.
त्याचा खोकला त्याच्यासोबत माझ्या बसमध्ये चढायचा,
एका तिकिटात दोघं.

गुरुवार होता. मी बायकोच्या मलमासाठी रांगेत,
माझ्यापुढे तो.
काउंटरवर नाणी मांडली, घरून मोजून आणलेली.
"नेहमीची."
एलुनेदने फळीवरून बाटली काढली
आणि गल्ल्याकडे न नेता खालच्या खणात ठेवली.
"तीन आठवड्यांतली ही तिसरी. मी देणार नाही."
"पैसे माझे आहेत."
"तुझेच आहेत."
"सुपरमार्केटात मिळेल."
"मिळेल. तिथे कुणी मोजत नाही."

नेस्टाने उगाच टूथब्रश सरळ केले.
मग एलुनेद काउंटरची फळी उचलून बाहेर आली.
वीस वर्षांत मी तिचे पाय पाहिले नव्हते.
लोकरीच्या सपाता, एका अंगठ्याशी भोक.
तिने त्याची बाही धरली.
"इदवाल, बेडक्यात रंग दिसतो का?"
हळूच विचारलं, पण दुकान लहान.
तो बराच वेळ वजनकाट्याकडे पाहत राहिला.
"लाल म्हणण्यासारखा नाही," म्हणाला.
"गंजासारखा."

दवाखान्याच्या मागल्या दाराचा नंबर तिच्याकडे आहे,
तिला पियानो ऐकावा लागत नाही.
"आज," ती फोनमध्ये म्हणाली. "उद्या नाही. आज."
आणि माझ्याकडे वळून, "तुझी बस किती वाजता?"

मी तिकीट घेऊ नको म्हटलं. तो भांडला.
बाटलीच्या पैशांतली तीन नाणी
माझ्यापुढे ठेवूनच बसला.
प्रत्येक वळणावर मी आरशात त्याची टोपी शोधत होतो.

पुढचं मी सांगणार नाही.
ते इदवालचं आहे, थोडं डॉक्टरांचं.
एवढंच, की एप्रिलमध्ये तो चौकात उतरला,
कोट आत कुणी नसल्यासारखा,
आणि दुकानात जाऊन पुदिन्याच्या गोळ्या घेऊन आला.
त्या तिने दिल्या.
खणातली बाटली अजून तिथेच आहे म्हणतात;
मुदत संपली, फेकू का, असं नेस्टा विचारते,
आणि एलुनेदला तेव्हाच नेमकं दुसरं काम निघतं.

त्या गुरुवारी मलम मात्र राहूनच गेलं.
बायकोने विचारलं तेव्हा आठवलं.
दुकान बंद करून, चढ चढून,
एलुनेद स्वतः घेऊन आली.
दार उघडल्यावर मी आधी खाली पाहिलं.
बूट होते.