बारा लाख घास

यंत्र चावतंय.
तोंडात काही नाही, तरी चावतंय,
सेकंदाला दोन घास, रात्रंदिवस,
कोमट खारट पाण्यात बुडालेली एकच दाढ.

योटेबोरीत तीनलाच अंधारलं.
सिग्ने वहीत लिहिते: बारा लाख पूर्ण.
सात दिवसांत माणसाची पाच वर्षं
चावून झाली.

मग ती मळसूत्र उलटं फिरवते.
पस्तिसाच्या जोरानं आवळलेलं,
सत्ताविसाला सुटलं.
दाढ जागची हललेली नाही,
फट भिंगाखालीही दिसेना.
मग आठ गेले कुठे?

घरी ईंग्वे राईची कडक भाकरी मोडतो,
पेपरातून मान न काढता विचारतो,
"काय गं?"
"काही नाही. चाव तू."

आणि ती ऐकत राहते
चोवीस वर्षांचं ते
डाव्या बाजूचं
कट्ट.