अकरा मिनिटं

पहाटे साडेचारला कुशिऱ्याच्या फाट्यावर
स्कूटर लावतो, चष्म्याचं घर डिकीत ठेवतो
आणि डाव्या गुडघ्याला विचारतो, काय म्हणतोस?
तो लगेच काही बोलत नाही.
चौतीस वर्षं उद्यमनगरात लेथपुढं उभा होता बिचारा,
उत्तर द्यायला वेळ घेतो.

तोवर पोरं निघून गेलेली असतात.
आदगोंडा, कस्तुरी, तो डेंटल कॉलेजचा उंच पोरगा.
जोतिबाच्या वाटेवर त्यांच्या कपाळावरचे दिवे
वळणं घेत वर जातात.
"काका, वर भेटू," म्हणतात.
वर कधी भेटत नाहीत.
मी पोचतो तेव्हा चहा पिऊन झालेला असतो,
कपांत मुंग्या.

गेल्या साली पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत
एकतिसाव्या किलोमीटरला
घड्याळ घेऊन बसलेल्या एका पोरानं
माझ्या छातीवरचा नंबर काढून घेतला.
पिना एकेक करून, चारी,
शर्ट फाटू नये म्हणून जपून.
अकरा मिनिटं, काका, म्हणाला, फक्त अकरा.
त्याच्या जपण्याचाच जास्त राग आला.

अकरा मिनिटं म्हणजे काय ते मला कळतं.
मी टर्नर. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचा माणूस.
मायक्रोमीटरवर एक रेघ इकडची तिकडं झाली
तर आमचा भूपाल शेठ अख्खा लॉट भंगारात टाकायचा,
वर चहा पाजायचा.
महिनाभर शोधत बसलो, कुठं गेली ती अकरा,
जुन्या जॉबकार्डांच्या पाठीवर:
तीन मिनिटं बुटातला खडा.
दोन लघवी, या वयात दोनदा.
चार, एका खोंडानं वाट अडवली ती.
उरली दोन.
कशात गेली, काही केल्या आठवेना.
मग एका रात्री कूस बदलताना आठवलं,
मसाईच्या पठारावर ढग उतरला होता
आणि मी उगाच उभा राहिलो होतो.

खडा काढायचा सराव करता येतो.
करतो. नाडी न सोडता, एका पायावर.
खोंडाचं बघू.

आठवड्यातून चार दिवस पळतो.
पळतो म्हणजे चढाला चालतो, उताराला भितो,
मधे कुठं सपाटी लागली तर पळतो.
पोरांकडं जेलची पाकिटं.
माझ्याकडं होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत
वडणग्याच्या गुऱ्हाळातली काकवी.
झाकण दातांनी उघडायचं.
दात अजून माझेच आहेत.

परवा पठारावर
डोईवर वाळल्या गवताचा भारा घेऊन
एक धनगरीण माझ्यापुढं चालली होती.
मी पळत होतो. ती चालत होती.
अंतर काही कमी होईना.
जांभ्याच्या एका धोंड्यावर भारा टेकवून
ती दम खायला थांबली, तेव्हा कुठं गाठली.
तिनं बघितलं मला, बुटांपासून टोपीपर्यंत.
"एस्टी चुकली व्हय, बाबा?"
व्हय, म्हणालो.
"मग आता पळून काय उपेग? गेली की ती."
आणि पदराचा पीळ घालून चुंबळ केली,
"आलाच हायसा तर हात लावा."

भारा दिसतो त्याच्यापेक्षा जड असतो.
गवताचं कूस मानेत गेलं.
ती वळून न बघता उतरणीला लागली
आणि मी घड्याळ थांबवायचं विसरलो.

घरी मालननं बादलीत मीठ-पाणी केलंय.
अंगठ्याचं नख काळं पडलंय, आठवडाभरात जाईल.
पाय बुडवून मी कार्ड लिहितो:
चोवीस किलोमीटर. खडा, चाळीस सेकंद.
काकवी, दोनदा. भारा, दोन मिनिटं.
ती खांद्यावरून वाचते.
"कसला भारा?"
पाणी गार व्हायला लागलंय.
तिला सांगतो, बस, आणि सांगायला लागतो.