पाठ

कुताइसीत, रिओनीच्या पुलापलीकडे
पाचव्या मजल्यावर लामारा राहते.
लिफ्टला नाणं लागतं, म्हणून मी जिना चढतो.
दार उघडून ती म्हणते, "बिचो, मेलं बघ ते."
बिचो म्हणजे पोरगा. माझी दाढी पांढरी झाली,
तरी मी पोरगाच.

मेलेलं नसतं. बहुतेक वेळा
नुसतं थकलेलं असतं.
बंद कर, तीस आकडे मोज, मग चालू कर.
निम्मी दुखणी एवढ्यानं जातात,
आणि माझं निम्मं घर
लोकांना हे ठाऊक नसण्यावर चालतं.

मग पंखा. आतून निघाले
मांजराचं आणखी एक पिल्लू होईल एवढे केस.
"श्वास कोंडलाय त्याचा. गादीवर ठेवत जाऊ नकोस,
खाली काहीतरी टणक हवं."
तिनं खाचापुरीचं पीठ मळायची फळी आणली,
पदरानं नाही, तळहातानं झटकून.

वायफायचा डबा फ्रिजमागे,
आणि पुढे आंबट आलुबुखारच्या चटणीच्या अकरा बरण्या.
सिग्नल काय चटणी चाखत येणार?
डबा खिडकीत मांडला. संध्याकाळी
बारीहून थेओनाचा चेहरा
चौकटी चौकटी न होता आला.
लेक तिकडं कुणा परक्या म्हातारीला आंघोळ घालते
आणि इकडं आईला विचारते, जेवलीस का.

फोटो एकाच जागी ठेवू नयेत,
हे मी किती वेळा सांगितलं!
शेवटी तिला ते तळघरातून कळलं:
"म्हणजे सगळी वाइन एकाच रांजणात नको."
तेच. एक प्रत इथं, एक पेनड्राइव्हवर,
आणि पेनड्राइव्ह या घरात नको,
बहिणीकडे ठेव, गावाला.

मंगळवारी म्हणे बँकेतून फोन आला.
साहेबाचा आवाज मधासारखा.
मोबाईलवर आलेले सहा आकडे मागत होता.
"दिलेस?"
"पाच दिले. सहावा दिसेना.
चष्मा शोधायला गेले, तेवढ्यात त्यानं शिवी हासडली.
बँकेतला माणूस शिवी देईल का रे?"
मी त्या चष्म्याला हात जोडले, खरोखर.
कागदावर ठळक लिहून पडद्याच्या काठाला चिकटवलं:
घाई करतो तो चोर.
खाली तिनं पेन्सिलीनं भर घातली:
गोड बोलतो तोसुद्धा.

राहिला पासवर्ड.
तो मला कुणी न सांगताच कळला.
भिंतीवर शोताचा फोटो, खाली त्याचं जन्मसाल.
बँक, मेल, लेकीचा व्हिडिओ,
तीन कुलपं आणि किल्ली एकच:
नाव आणि साल.
"हे बदलावं लागेल," मी म्हटलं.
"अख्ख्या गल्लीला माहीत ते कुलूप कसलं?"
ती कॉफीचं भांडं विसळत राहिली,
विसळलेलंच.
मग म्हणाली, "दिवसातून तीनदा लिहिते मी ते नाव.
आता आणखी कुठं लिहू?"

याचं उत्तर कुठल्या सेटिंगमध्ये असतं
मला माहीत नाही.
उगाच माऊस पुसला. मग म्हटलं,
"नाव नको, वाक्य घे. चांगलं लांब.
त्यानं तुला एकदाच म्हटलं असेल,
दुसऱ्या कुणी ऐकलं नसेल, असं.
कागदावर मांडू नकोस. पाठ कर."
"पाठ आहेच," ती म्हणाली.
"तू पाठ फिरव."

फिरवली. खिडकीबाहेर
अक्रोडाच्या फांदीवर कुणाचा तरी मोजा अडकलेला.
मागे एका बोटाची टकटक,
मध्येच थांबलेली, मागे जाऊन पुन्हा निघालेली.
वाक्य बरंच लांब असावं.
एकदा ती हसली, एकटीच.

"आता परत लिहा म्हणतंय!"
खात्री करायला दोनदा विचारतात,
मी त्या मोज्याकडे बघत सांगितलं.
"विचारू दे," ती म्हणाली.