ताळा

झोंबाच्या इस्पितळाच्या मागल्या अंगाला
पत्र्याची खोली; तिथला मी भांडारपाल.
एक वही, एक कुलूप,
आणि लांबून कुणीकुणी पाठवलेली खोकी.

एकदा श्वासाचं यंत्र आलं,
त्याचा प्लग इथल्या कुठल्याच भिंतीत बसेना.
एकदा तीनशे टूथब्रश, पेस्टशिवाय.
धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात;
मला मोजावे लागतात.

मग ऐन ऑक्टोबरात,
जॅकरांडाच्या सड्यानं रस्ता जांभळा झालेला,
आल्या लोकरीच्या टोप्या. चौसष्ट.
स्कॉटलंडातल्या कुठल्याशा बंदरगावच्या बायकांनी विणलेल्या,
एवढ्याशा, की माझ्या मुठीवर बसाव्यात.
या उकाड्यात लोकर! मी हसलो.

सिस्टर ओलिपा हसली नाही.
खोकं उचलून सरळ गेली
अपुऱ्या दिवसांच्या वॉर्डात,
जिथं आया बाळांना उघड्या छातीशी धरून
वरून चितेंजे गुंडाळून बसतात, दिवसच्या दिवस.
"डोकं गार पडलं की
ऊब करण्यातच बाळाचं वजन खर्च होतं," ती म्हणाली.
"तुला खर्च कळतो ना?"

दोरिकाच्या बाळाला पिवळी टोपी, वर हिरवा गोंडा.
वॉर्डाचा फळा माझ्या वाटेवरच:
नऊशे ग्रॅम. नऊशे तीस.
आठशे साठ.
मग तिथं दुसऱ्याच बाळाचं नाव.

तीन आठवड्यांनी ती आली,
चिलवा तळ्याकडून, पायी.
वर्तमानपत्रात टोपी. धुतलेली.
निघालेला गोंडा काळ्या दोऱ्यानं पुन्हा शिवलेला.
"दुसऱ्याला होईल," म्हणाली.
काही सुचेना, म्हणून मी विचारलं,
पावती देऊ?
तिला हवी होती.
चितेंजेच्या टोकाला, जिथं बायका पैसे बांधतात,
तिथं तिनं ती घडी करून बांधली,
आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

डिसेंबरात लिलोंग्वेहून हिशेब तपासायला कापेनीसाहेब.
तांबडं पेन.
"टोप्या आल्या चौसष्ट, वाटल्या पासष्ट.
ताळा जुळत नाही."
नाही जुळत, साहेब.
आवक, जावक, शिल्लक, खराब:
एवढेच रकाने आहेत.
मी त्यांना दोरिकाचं सांगितलं,
म्हणजे काळ्या दोऱ्यापर्यंतच सांगता आलं.
ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
पंखा बंद होता.
पेनाला टोपण लावून म्हणाले, चहा मिळेल का?

आज त्या बायकांना पोचपावतीचं पत्र.
दर वेळी दोन ओळी लिहितो: माल मिळाला, आभारी आहोत.
यंदा तिसरी लिहिली.
पिवळी टोपी आता जुळ्यांतल्या धाकटीला आहे,
तिचं वजन सोळाशे भरलं, टोपी घट्ट होते.
पुढच्या खोक्यात
चार-दोन जरा मोठ्या पाठवा.