कडी

दुसरी पाळी सुटल्यावर
जालन्याच्या एमआयडीसीत, टपरीमागं
जमलो एकोणीस जण.
रंगनाथ आला नाही,
त्याला मालकानं परवाच मुकादम केलं.

विषय एकच : नवी ऑर्डर.
समुद्रापारच्या लढाईसाठी तोफगोळ्यांची कवचं,
ओव्हरटाइम डबल, दिवाळीपर्यंत.
आपलं सरकार कुणाच्या बाजूनं
हे पेपरात नव्हतं, ऑर्डरीवर होतं.

मुनाफभाई तेवीस वर्षं भंगार निवडतो.
त्यानं रुमालातून काढली एक कडी,
कंटेनरमधनं आलेली, कुणाच्या तरी घराची,
जळून काळी,
अजून कोयंड्यात अडकलेली.
"आतून लावलेली हाय," एवढंच म्हणाला.

बराच वेळ नुसता भट्टीचा आवाज.
मग सुदामती म्हणाली,
"डबल पैसे नको म्हणलो, हे घरी कसं सांगावं?"
कुणालाच सांगता आलं नाही.

ठराव मी लिहिला. आधी लिहिलं 'निषेध',
मग खोडलं.
निषेध तर आपण टँकर उशिरा आला तरी करतो.
लिहिलं : हे आम्ही ओतणार नाही.
सळई सांगा, रात्रभर काढू.

सह्या अठरा, अंगठा एक.
सुदामतीची सही सगळ्यात मोठी,
चिडून केलेली, खालच्या ओळीवर उतरलेली.

सकाळी गेटवर रंगनाथनं कागद वाचला,
दोनदा वाचला,
घडी घालून वरच्या खिशात ठेवला.
पुढं नेला का, ठाऊक नाही.

आज शुक्रवार.
साचे येऊन पडलेत.
मुनाफभाईनं कडी हजेरीच्या खिळ्याला टांगलीय,
कार्ड काढताना हाताला लागते.