एकतीस नंबरचं स्वयंपाकघर

लीड्सच्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावर,
मी नकाशावर कुंपणं घालतो.
तार नाही, खांब नाही,
माउसच्या चार टिचक्या, कोपरे जुळले
की आतल्या प्रत्येक खिशात काहीतरी थरथरतं.

सोमवार ते गुरुवार
सॉसेज रोलवर दुसरा फुकट,
बूट अर्ध्या किमतीत, तुम्ही जवळच आहात.
तुम्ही जवळच आहात, हे वाक्य माझं.
त्याबद्दल एक मग मिळाला बक्षीस.

शुक्रवारी काउन्सिलचं काम:
टॉडमॉर्डनची नदी, पाणी चढलं
तर कुणाला कळवायचं, त्याची हद्द.
आखली मीच, जेवायच्या सुट्टीआधी.
बॉबिन स्ट्रीटपाशी रेष जरा वाकडी गेली,
म्हटलं चालतंय.

माझा पणजा सटवा, मौजे चिंचणी,
दवंडी पिटायचा.
मूठभर पाचट पेटवून आधी हलगी शेकायची,
मग ऐका हो ऐका,
साऱ्याची मुदत, पटकीची लस,
तळ्याचं पाणी सोडणार आहेत.
वरच्या आळीत जोत्याला पाय लावायचा नाही,
रस्त्याच्या मधोमध उभं राहून ओरडायचं.
आवाज ओसरी चढायचा, माजघरात शिरायचा,
देवघरातसुद्धा.
आवाजाचा विटाळ कुणी धरला नाही.
तो मात्र ओरडून झालं की
कुसाबाहेर.
हे आजोबांनी सांगितलेलं,
चिडून नाही, तंबाखू मळता मळता.

फेब्रुवारीत, पहाटे साडेतीनला, पाणी आलं.
स्क्रीनवर सगळं हिरवंगार:
धाडले बाराशे सहा,
पोचले बाराशे सहा.
सोमवारी साहेबाने केक आणला.

बुधवारी फोन. मिसेस बॅरक्लफ,
वय एक्याऐंशी, बॉबिन स्ट्रीट, एकतीस नंबर.
तक्रार नाही म्हणाल्या, नुसतं विचारायचंय.
"माझा फोन पुढच्या खोलीत, उशाशी होता.
मुलीचा जुना फोन स्वयंपाकघरात, चार्जरवर.
तो म्हणे थरथरत थरथरत ओट्यावरून पडला
आणि बुडाला.
माझा गप्पच.
म्हणजे स्वयंपाकघराला कळलं, बाळा,
मला नाही."

मी नकाशा मोठा केला. अजून मोठा केला.
रेष तिच्या घरातूनच गेली होती,
जिन्याला खेटून.
सिंक आत,
म्हातारी बाहेर.

मग तुम्हाला कळलं कसं?

"अडतीस नंबरचा काइल. शाळेतून काढलेला.
बेकिंगचा ट्रे आणि एक मोठा डाव घेऊन
गुडघाभर पाण्यात, गल्लीच्या मधोमध.
काय ओरडत होता ते सांगणार नाही,
मी चर्चला जाते.
पण झोपलेलं कुणी उरलं नाही."

तेव्हापासून मी रेषा फुगवतो,
पार डोंगराच्या उतारापर्यंत.
साहेब म्हणतो, कोरड्या पायांच्या लोकांना
मध्यरात्री का उठवायचं? शिव्या घालतात,
ॲप काढून टाकतात, आकडे बिघडतात.
मी म्हणतो, दरीत जीपीएस फसतं, सर.
हे खरंही आहे.
बाकीचं त्याला काय सांगू,
कुठल्या स्लाइडवर घालू?

एप्रिलमध्ये गेलो एकदा, सुट्टी टाकून.
भिंतींवर कमरेइतका चिखलाचा पट्टा,
कुणी धुतलेला, कुणी तसाच ठेवलेला.
काइल दारात आला, कानात काहीतरी,
माझ्याकडे पाहीना.
ट्रे आणून दिला, त्यात आता आई चिप्स भाजते.
मधोमध पोचा, भोवती सतरा-अठरा लहान खळगे.

मी बोटाच्या पेराने वाजवून पाहिला.
गार पत्रा, बद्द आवाज.
शेकायला हवा, मी म्हणालो,
मराठीतच निघालं तोंडातून.

काय? काइल म्हणाला,
आणि कानातलं काढलं.