ठणका

दिवसा तो नसायचाच.
वाल्पाराइसोच्या पायऱ्या चढत मी पाण्याचे मीटर वाचायचे,
दारोदार, कुत्री चुकवत,
आणि घोटा मुकाट.
रात्री तीनला यायचा, रात्रपाळीच्या कामगारासारखा.
टाचेच्या वर, आत, हाडाच्याही आत
थांबून थांबून कुणी खिळा ठोकतंय.

ॲस्पिरिन घेतली की अर्ध्या तासात गप्प.
हे मी सगळ्यांना सांगितलं.
मुरगळला असेल, म्हणाले. बूट बदला, म्हणाले.
एकीने तर विचारलं, घरी सगळं ठीक ना?
दोन वर्षं. तीन जोड बूट.

डॉक्टर इतुर्रिएतांनी मात्र ॲस्पिरिनचंच पुन्हा विचारलं.
मग स्कॅनवर पेनाची टोपी टेकवली :
हा बघा, नोल्फा. तांदळाची कणी.
आमच्यात याला घरटं म्हणतात.
कॅन्सर नाही. निरुपद्रवी आहे.

निरुपद्रवी!
दोन वर्षं डोळ्याला डोळा नाही
आणि कागदोपत्री याची वर्तणूक चांगली.

हाडाचं नाव विचारलं. तालूस, म्हणाल्या.
गायीचं तेच हाड बाबा फेकायचे,
कोयाइकेला, गोठ्यामागच्या चिखलात, पैजेवर.
एक बाजू वर आली तर नशीब,
दुसरीचं नाव आईसमोर कुणी घेत नसे.
एका फेकीत त्यांनी तांबडी घोडी घालवली
आणि घरी सांगितलं, चोरीला गेली.

कमरेखाली बधिर, वर मी टक्क जागी.
घोट्याला दोन भोकं, शर्टाच्या काजाएवढी.
एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून बारीक चमचा.
पडद्यावर माझ्या आतलं :
पाणी खेळतंय, पांढऱ्या दशा हलतायत,
आणि एका जागी लालसर, डाळिंबाचा दाणा.
हाच का?
हाच.
करपलेलं पातेलं खरवडावं तसा खरवडला.
चुरा पाण्याबरोबर नळीतून गेला,
एक कण बाटलीत, तपासणीला.
एवढ्याशासाठी?

दोन टाके.

रात्री तीनला जाग आली, सवयीने.
हात उशाखालच्या पाकिटाकडे गेला.
वाट पाहिली.
टाके चुरचुरत होते, पण ते कातडीचं, वरवरचं.
आत कुणी नव्हतं.
शेजारच्या खाटेवर सेन्योरा ओलाया घोरत होत्या,
खाली बंदरात एक क्रेन चालू होती.
झोप येत नव्हती, हे मात्र खरं.

उजाडल्यावर बाबांना फोन लावला.
विचारलं, त्या घोडीचं नाव काय होतं हो,
ती तुम्ही हरलात ती?
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग म्हणाले, तुला कुणी सांगितलं?